चढाच्या दरावरून विमानाचं त्वरण: सिम्युलेटरमधला हिशेब नेमका कुठे चुकतो

कुडाळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "चिपीच्या धावपट्टीवरून सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ एस उडवतो. पूर्ण वजन, पूर्ण थ्रॉटल, ३,००० फुटांच्या आसपास ७४ नॉटवर मिनिटाला ६२० फूट चढ मिळतो. त्यावरून लेव्हल ऑफ केल्यावर (चढ थांबवून सपाट उड्डाण धरल्यावर) विमान किती झपाट्याने वेग घेईल ते काढलं. सेकंदाला दीड नॉट आलं. म्हणजे ७४ वरून ११५ ला जायला २७ सेकंद. पण सिम्युलेटरमध्ये एक मिनिट उलटून जातं. सूत्र चुकलं की सिम्युलेटर?"

दोन्ही ठीक आहेत. दीड नॉट हा आकडाही बरोबर आहे. चूक आहे ती एका वेगाला काढलेलं त्वरण पुढच्या सगळ्या वेगांना लावण्यात. मात्र "सिम्युलेटर ठीक" हे मी अटीवर म्हणतोय. तुम्ही लाइव्ह वेदर (बाहेरचं त्या क्षणाचं खरं हवामान) चालू ठेवून मोजलं असेल, किंवा चढाचा दर नुसत्या काट्यावरून वाचला असेल, तर ६२० हा आकडाच डळमळीत असू शकतो. त्याकडे नंतर येतो.

आधी मुळात चढावरून त्वरण का निघतं ते पाहू. करूळ घाटात एकाच वेगाने चढणारी एस.टी. डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हरचा पाय अॅक्सिलरेटरवर ठाम, वेग स्थिर. इंजिनाचा काही जोर हवा आणि टायर यांच्या विरोधात जातो, उरलेला गाडी वर खेचण्यात. त्याच क्षणी चढ संपून रस्ता सपाट झाला आणि ड्रायव्हरने पाय हलवला नाही, तर वर खेचणारा तोच जोर आता वेग वाढवायला लागेल. विमानाचंही तसंच. थ्रस्टमधून (प्रोपेलरची ओढ) ड्रॅग (हवेचा विरोध) वजा केल्यावर जे उरतं ते चढात खर्च करा, नाहीतर वेगात करा. पैसा तोच, फक्त खातं बदलतं.

त्यामुळे चढाचा दर एकटा काही सांगत नाही. सांगतो तो चढाचा उतार. मिनिटाला ६२० फूट हा दर ७७ नॉटला मिळाला तर विमान चांगलंच तिरकं चढतंय. २८८ नॉटला मिळाला तर जेमतेम. वर जाण्याचा वेग भागिले विमानाचा हवेतला खरा वेग, म्हणजे उतार. त्याला गुरुत्वत्वरणाने गुणलं की त्याच वेगाला सपाट उड्डाणातलं त्वरण मिळतं. फूट-मिनिट आणि नॉट ही एककं एकदा जुळवून ठेवली की सूत्र लहान होतं:

त्वरण (नॉट प्रति सेकंद) = ०.१८८ × चढाचा दर (फूट प्रति मिनिट) ÷ ट्रू एअरस्पीड (नॉट)

०.१८८ कुठून आला? गुरुत्वत्वरण म्हणजे सेकंदाला १९.०६ नॉट, आणि एक नॉट म्हणजे मिनिटाला १०१.२७ फूट. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उलट दिशेने, म्हणजे त्वरणावरून चढाचा दर काढायचा असेल तर त्वरण × वेग × ५.३१.

इथे ट्रू एअरस्पीडच (हवेतला खरा वेग) घ्यायचा, इंडिकेटेड (काट्यावर दिसणारा) नाही. प्रमाणित हवेत ३,००० फुटांवर ७४ इंडिकेटेड म्हणजे साधारण ७७ ट्रू. ०.१८८ × ६२० ÷ ७७ = १.५१. म्हणजे तुमचा दीड. उतार बघायचा तर ६२० ÷ (७७ × १०१.२७) = ०.०८, शंभराला आठ. चढाचा कोन साडेचार अंशांच्या आसपास.

आता २७ सेकंदांचं काय झालं ते.

१७२ एसचा प्रोपेलर स्थिर कोनाचा, म्हणजे एकच गिअर असलेली एस.टी. वेग वाढला की थ्रस्ट घटतो. दुसऱ्या बाजूने ड्रॅग वाढतो. ७४ च्या आसपास ड्रॅग जवळपास तळाशी असतो, पण नव्वदच्या पुढे तो वर्गाच्या हिशेबाने चढू लागतो. दोन्ही बाजूंनी शिल्लक खाल्ली जाते. सूत्रातही भागाकार वेगाने आहे, त्यामुळे चढाचा दर तेवढाच राहिला तरी त्वरण कमी होतं.

म्हणून एकाच वेगाला नव्हे, पाच-सहा वेगांना चढ मोजायचा. असे आकडे मिळाले असं धरू (उदाहरणाचे आहेत, पण या विमानाला शोभतील असे): ७७ ट्रूला ६२०, ९० ला ५८०, १०० ला ४७५, ११० ला ३००, ११५ ला १९० आणि १२० ला फक्त ६० फूट प्रति मिनिट. सूत्रात घातले की त्वरणं अनुक्रमे १.५१, १.२१, ०.८९, ०.५१, ०.३१ आणि ०.०९ येतात. चढाचा दर ७७ वरून ९० ला जाताना फक्त ४० फुटांनी उतरला, पण त्वरण मात्र एक पंचमांशाने घटलं. व्हीएसआयकडे (चढाचा दर दाखवणारा काटा) बघून हे कळत नाही.

पुढचं काम टप्प्याटप्प्याने बेरीज करण्याचं. ७७ ते ९० मध्ये सरासरी १.३६, म्हणून १३ नॉटला साडेनऊ सेकंद. ९० ते १०० ला १.०५ ने तितकेच साडेनऊ. १०० ते ११० ला ०.७० ने १४. ११० ते ११५ या पाच नॉटला ०.४१ ने १२. इथवर ४५ सेकंद झाले. शेवटच्या ११५ ते १२० ट्रूला, म्हणजे तुमच्या काट्यावर ११० ते ११५, आणखी २५ ते २८ सेकंद. एकूण सत्तरच्या पुढे. तुमच्या सिम्युलेटरने "एक मिनिट उलटून" दाखवलं ते याच जागी. पहिल्या १३ नॉटला साडेनऊ सेकंद आणि शेवटच्या ५ ला पंचवीस. सगळा घोळ या शेपटीत आहे.

शेवटच्या टप्प्यात साधी सरासरी थोडा कमी वेळ दाखवते, कारण त्वरण तिथे एक तृतीयांशावर येतं. तिथे दोन-दोन नॉटचे टप्पे पाडा. आणि अगदी कमाल वेगापर्यंतचा वेळ काढायच्या भानगडीत पडू नका. त्वरण शून्याकडे जातं आणि वेळ वाटेल तेवढा लांबतो. कमाल वेगाच्या पाच-सहा नॉट अलीकडे थांबा.

हे चढ मोजायचे कसे? उड्डाण चाचणीत करवतीच्या दात्यांसारखे चढ-उतार करतात, तीच रीत. ३,००० फुटांवरचे आकडे हवेत तर २,५०० ते ३,५०० ही पट्टी ठरवा. २,१०० च्या आसपास पूर्ण थ्रॉटल देऊन ठरलेल्या इंडिकेटेड वेगाला विमान ट्रिम करा (हात न लावता तोच वेग राखेल असं बसवा), २,५०० येईपर्यंत वेग स्थिर झालेला हवा. स्टॉपवॉच २,५०० ला सुरू, ३,५०० ला बंद. ६२० चा दर असेल तर ९७ सेकंद लागतील. मग खाली या, पुढचा वेग घ्या. तुमच्यासाठी काट्यावरचे वेग ७४, ८६, ९६, १०५, ११० आणि ११५. शेवटच्या तीन वेगांना चढ इतका मंद असतो की हजार फुटांत इंधन आणि वेळ फुकट जातो. तिथे २,७५० ते ३,२५० एवढी अर्धी पट्टी पुरते. ११५ ला तर शंभर फूट चढायलाच दीड-पावणेदोन मिनिटं जातील. तो आकडा सोडून दिलात तरी चालेल. सपाट उड्डाणातला कमाल वेग मोजा, तिथे चढ शून्य, हाच आलेखाचा शेवटचा बिंदू.

व्हीएसआयवरून दर वाचू नका. जुन्या पद्धतीचा व्हीएसआय काही सेकंद मागे असतो, आणि चांगल्या सिम्युलेटर विमानात ही दिरंगाईसुद्धा हुबेहूब घातलेली असते. नाक जरा वर-खाली झालं की तो पन्नास-शंभर फुटांनी डुलतो. अल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) आणि घड्याळ हीच जोडी भरवशाची. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये डेटा आउटपुटच्या पानावर वेग आणि उंचीच्या ओळींना फाइलमध्ये लिहिण्याची खूण केली की नंतर स्प्रेडशीटमध्ये निवांत बघता येतं.

वेग दोन नॉटनेही सरकला तर आकडा बिघडतो. किती, तेही काढता येतं. ९७ सेकंदांच्या चढात वेग ७७ वरून ७९ झाला, तर सेकंदाला ०.०२ नॉट त्वरण त्यात गेलं, ०.०२ × ७७ × ५.३१ म्हणजे मिनिटाला आठ-साडेआठ फूट. हे चालेल. पण हाच दोन नॉटचा फरक वीस सेकंदांच्या मोजणीत झाला तर मिनिटाला चाळीस फूट खोटे. म्हणून लांब पट्टी.

पडताळणीसाठी सपाट त्वरण थेट मोजताना मात्र उंचीची शिस्त कडक हवी. इथे बहुतेकांचं बिनसतं. ९० नॉटवर असताना नकळत ५० फूट खाली आलात तर त्या ५० फुटांचे सहा नॉटहून जास्त वेग होतात, इंजिनाने काही न करता. म्हणजे पाच सेकंदांचं त्वरण फुकट मिळालं आणि तुम्ही खूश. लेव्हल ऑफ करताना नाक पुढे ढकललं जातं, विमान आधी थोडं वर तरंगतं, मग खाली येतं, म्हणून त्या क्षणापासून मोजूच नका. थ्रॉटल कमी करून ३,००० वर ७० नॉटला ऑटोपायलटच्या अल्टिट्यूड होल्डवर (उंची आपोआप राखणारी सोय) स्थिर राहा, मग पूर्ण थ्रॉटल द्या आणि काट्याने ७४ ओलांडले की घड्याळ सुरू करा. प्रोपेलरचे फेरे मिनिटाला २,७०० च्या वर जाऊ लागले तर थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. तसं झालं की "पूर्ण थ्रॉटल" ही अट मोडली, चढाचे आकडेही त्या वेगाला तशाच थ्रॉटलने घ्या. मिक्स्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण) दोन्ही चाचण्यांत एकसारखं हवं. एकदा रिच (इंधन जास्त) आणि एकदा लीन (इंधन कमी) केलं तर तुलना संपली.

आता हवामान. चाचणीसाठी वारा शून्य, प्रमाणित १५ अंश, दाब १०१३ हेक्टोपास्कल लावा आणि लाइव्ह वेदर बंद करा. आपल्याकडची हवा या हिशेबाला फार छळते, म्हणून जरा थांबून सांगतो.

चिपीचं विमानतळ परुळ्याजवळच्या जांभ्याच्या सड्यावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे फुटांवर. ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, धावपट्टी २,५०० मीटर, पूर्व-पश्चिम. मे महिन्यात दुपारी ३३ अंश तापमान असेल तर प्रमाणित हवेपेक्षा ते १८ अंशांनी जास्त. दर अंशाला १२० फूट धरले तर घनतेच्या हिशेबाने विमान २,४०० फुटांवर उभं आहे. दोनशे फुटांच्या सड्यावर उभं राहून इंजिन आणि प्रोपेलर आंबोलीची हवा खातायत. काट्यावर ७४ असताना ट्रू ७७ च्या जवळ. जूनमध्ये दाब १००३ वर उतरला तर त्यात आणखी तीनशे फूट.

उन्हाचा दुसरा घाव अल्टिमीटरवर. गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे अल्टिमीटरने १,००० फूट दाखवले तेव्हा विमान खरं १,०६४ फूट चढलेलं असतं. त्वरणाच्या सूत्राला खरी उंची लागते, म्हणून अशा दिवशी चढाचा दर ६ टक्क्यांनी वाढवून घ्यायचा. तुमचं सिम्युलेटर हा परिणाम दाखवतं का ते तपासणं सोपं आहे: तापमान ३५ लावून ५,००० फुटांवर अल्टिमीटर आणि खरी उंची शेजारी ठेवा. तीनशे फुटांहून जास्त फरक दिसला तर दुरुस्ती लागेल, आकडे सारखे असतील तर नको.

वारा स्थिर असेल तर काही बिघडत नाही, कारण सगळा हिशेब हवेच्या सापेक्ष आहे. बिघडतं ते उंचीगणिक वारा बदलला तर. दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो, सकाळी मतलई उलट वाहतो, आणि दोन्ही उथळ. काहीशे ते काही हजार फुटांत दिशा आणि जोर पालटतात. समोरचा वारा दर हजार फुटांना १० नॉटने वाढत असेल आणि तुम्ही ७०० च्या दराने चढत असाल, तर सेकंदाला ०.१२ नॉट आयते मिळतात. १.८ च्या त्वरणात ते साडेसहा टक्के. वारा पाठीमागून वाढत असेल तर तेवढेच वजा. म्हणून लाइव्ह वेदरमध्येच मोजायची हौस असेल तर एक चढ समुद्राकडे, एक सह्याद्रीकडे करा आणि सरासरी घ्या. डोंगराजवळ फार जाऊ नका, तिथल्या लहरी सरासरीने जात नाहीत.

काही जण विचारतील, एवढा खटाटोप कशाला, सिम्युलेटर पुढच्या दिशेचा जी-आकडा (गुरुत्वत्वरणाच्या पटीत त्वरण) देतंच की. देतं, पण तो विमानाच्या अक्षावरचा असतो, उड्डाणमार्गावरचा नव्हे. तुमच्या चढात मार्गाचा कोन साडेचार अंश, पंखांचा हवेशी कोन समजा पाच. नाक साडेनऊ अंश वर. स्थिर चढात तो आकडा नाकाच्या कोनाची साइन दाखवतो, ०.१६५. खरी शिल्लक आहे ०.०८. दुपटीची चूक! स्थिर वेगाने चढणाऱ्या विमानात तो मीटर केवळ गवंड्याच्या लेव्हलचं काम करतो. वापरायचाच असेल तर आधी हवेशी असलेला कोन त्यातून काढून टाका.

वजनाबद्दल दोन शब्द. १७२ एसचं कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे १,१५७ किलो. वजन दहा टक्के कमी केलं तर त्वरण दहा टक्क्यांनी वाढेल असं वाटतं, पण पंखांनी उचलायचं ओझं घटल्याने ड्रॅगही घटतो. वरच्या उदाहरणातलं विमान घेतलं तर ७४ इंडिकेटेडला वाढ वीस टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे सहा चढ करताना इंधन जळत गेलं तर शेवटचे आकडे फुगतात. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक चढाआधी टाक्या पुन्हा तेवढ्याच भरा.

धावपट्टीवरच्या दौडीला हे सूत्र लावू नका. निर्मात्याचे आकडे घ्या: समुद्रसपाटीला ७४ नॉटवर ७३० फूट प्रति मिनिट, म्हणून त्वरण १.८६. जमिनीवर ९६० फूट दौड आणि काट्यावर ५१ नॉटला उचल, म्हणून सरासरी २.२९, कमी वेगाला काटा काही नॉट कमी दाखवतो हे लक्षात घेतलं तर आणखी थोडं जास्त. चाकांचं घर्षण सेकंदाला साधारण ०.४ ते ०.६ नॉट खातं, तरी जमिनीवरचा आकडा मोठा, कारण मंद वेगाला प्रोपेलरची ओढ जास्त असते. फ्लॅप्सही वेगळे. चढावरून दौड काढणं म्हणजे घाटातल्या एस.टी.वरून स्टँडमधून सुटतानाची एस.टी. ओळखणं.

जेट विमान घेतलंत तर एक दुरुस्ती वाढते. स्थिर इंडिकेटेड वेगाने चढताना उंचीबरोबर ट्रू वेग वाढत राहतो, म्हणजे तुम्ही चढतानाच त्वरणही घेत असता आणि मोजलेला दर तेवढा कमी दिसतो. सेसनाला हा फरक एक टक्काही नाही, सोडून द्या. पण १०,००० फुटांवर २५० नॉट म्हणजे ट्रू २८८, माक (ध्वनीच्या वेगाच्या पटीत वेग) ०.४५, तिथे दर ११ टक्क्यांनी वाढवावा लागतो, माक ०.६ ला १८ टक्क्यांनी. २,५०० फूट मोजले तर खरी शिल्लक २,७७५, आणि त्वरण ०.१८८ × २,७७५ ÷ २८८ = १.८१ ट्रू नॉट प्रति सेकंद. काट्यावर ते १.५७ च्या आसपास दिसेल. स्थिर माकवर चढताना ट्रोपोपॉजच्या (उंचीबरोबर तापमान घटणं जिथे थांबतं ती पातळी) खाली दुरुस्ती उलट लागते, दर किंचित कमी करायचा.

जेटमध्ये ऑटोपायलट व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये असताना मोजणी करू नका. त्या मोडला दर राखायचा असतो, वेग जाईल तिकडे जाईल. तशीच नोंद हातात असेल तर दोन्ही खाती मिळवा: १,५०० फूट चढ आणि त्याच वेळी ट्रू वेग सेकंदाला अर्धा नॉट वाढतोय, तर ०.५ × २८८ × ५.३१ = ७६५ फूट त्यात घाला, एकूण २,२६५. इथे ट्रू वेगाची वाढ मोजलेलीच आहे, म्हणून ती ११ टक्क्यांची दुरुस्ती पुन्हा लावू नका. ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) मात्र दोन्ही वेळा क्लाइम्ब थ्रस्टवरच (चढासाठी ठरलेला जोर) असल्याची खात्री करा. ठरलेला वेग जवळ आला की तो हळूच मागे सरकतो, आणि शेवटच्या दहा-पंधरा नॉटचं त्वरण मग तुमच्या आलेखाशी जुळत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी ९६ इंडिकेटेडचा एकच चढ मोजा. तिथे चारशे ते साडेपाचशेच्या मध्ये आकडा आला तर तुमचं सिम्युलेटर आणि ६२० दोन्ही शाबूत आहेत, आणि उरलेले चार वेग सावकाश घ्या. सहाशे आला तर वारा किंवा टाक्यांतलं इंधन बघा.